फोन चार्ज होतो पण फाइली दिसत नाहीत, दिसल्या तर कॉपी अर्ध्यावर अडकते: कारणं आणि उपाय

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे, अक्षता सोहळ्याचे व्हिडिओ काढून फोन गच्च भरतो. मार्च संपत आला की वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बिलं, पावत्या आणि चेकचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे असतात. केबल लावली जाते, चार्जिंगची खूण येते आणि पुढे काहीच होत नाही. किंवा फोन दिसतो, कॉपी सुरू होते आणि हिरवी पट्टी मध्येच कुठेतरी जी थांबते ती थांबतेच. केबल काढून परत लावली की एकदा चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

खालचं सगळं अँड्रॉइड फोन आणि विंडोज १० किंवा ११ धरून सांगितलं आहे. आयफोनचं दुखणं थोडं वेगळं आहे, ते शेवटाकडे येईल.

फोन म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. अगदी जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये केबल लावली की मेमरी कार्ड पेन ड्राइव्हसारखं थेट उघडायचं. पण तेवढा वेळ कार्ड कॉम्प्युटरच्या ताब्यात जायचं आणि फोनला ते दिसायचंच नाही. गॅलरी रिकामी, कार्डावरची अ‍ॅप बंद. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० आलं तेव्हापासून गूगलने ही पद्धत सोडत नेली आणि एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, घेतला. हा प्रोटोकॉल मूळचा मायक्रोसॉफ्टचा, डिजिटल कॅमेऱ्यांच्या पीटीपीवर, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉलवर, बेतलेला.

पेन ड्राइव्ह म्हणजे गोदामाची किल्लीच तुमच्या हातात. एमटीपी म्हणजे दारात बसलेला दिवाणजी: तुम्ही नग सांगायचा, तो आत जाऊन एक नग आणणार, तो पोचता झाला की मगच दुसरा.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचे निम्मे त्रास त्यांच्यामुळेच होतात. पहिली, फोनला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. ‘डी’, ‘ई’ असं काही नसल्यामुळे चेकडिस्क, रोबोकॉपी यांसारखी विंडोजची साधनं फोनवर चालतच नाहीत. दुसरी, एका वेळी एकच काम. कॉपी चालू असताना त्याच फोनमधला दुसरा फोल्डर उघडून बघायला गेलात तर खिडकी गोठते, कधी कॉपीही पडते. तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांना सगळ्यात महागात पडते: फोनमधली एक्सेलची दरपत्रकाची फाइल कॉम्प्युटरवरून डबल क्लिक करून उघडली तर विंडोज तिची तात्पुरती प्रत उघडतं. त्यात दर बदलून सेव्ह केले तरी फोनमधली फाइल जुनीच राहते. आधी फाइल डेस्कटॉपवर घ्या, बदल करा, मग फोनमध्ये परत टाका.

फोन लावला, नुसतं चार्जिंग होतंय

आधी केबल. स्वस्त इअरबड, पॉवर बँक किंवा ट्रिमरसोबत येणाऱ्या कित्येक केबलींत फक्त वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात. डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीवर फोन कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी काही होणार नाही. नवी पेठेत केबल घेताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून घ्या आणि दुकानातल्याच लॅपटॉपला लावून फोन दिसतो का ते बघा. शक्यतो १ मीटरच्या आतली घ्या. लांब आणि बारीक केबलीवर चार्जिंग व्यवस्थित होतं, डेटा मात्र मध्येच तुटतो.

केबल ठीक असेल तर फोनचं कुलूप उघडा. स्क्रीन लॉक असताना फोनचं नाव ‘धिस पीसी’मध्ये येतं, पण आत काहीच दिसत नाही. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. मग वरून सूचनांचा पडदा खाली ओढा. ‘चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी’ अशा अर्थाची ओळ दिसेल, तिच्यावर दाबा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. अँड्रॉइड ६ पासून फोन मुळात ‘फक्त चार्जिंग’वर असतो, त्यामुळे ही निवड दर वेळी करावी लागते. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं.

रोज फोन जोडावा लागत असेल तर ही कटकट कायमची काढता येते. सेटिंग्ज, मग ‘अबाउट फोन’, तिथे ‘बिल्ड नंबर’वर सलग ७ वेळा दाबा. शाओमी, रेडमी, पोको या फोनांत ‘बिल्ड नंबर’ऐवजी एमआययूआय किंवा हायपरओएसच्या आवृत्तीवर दाबायचं. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील. त्यात ‘डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ शोधून ‘फाइल ट्रान्सफर’ ठेवा. कुलूप उघडण्याचं काम मात्र तरीही करावंच लागतं. एक सावधगिरी: डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की बँकांची काही अ‍ॅप उघडायला नकार देतात. तसं झालं तर ते बंद करा आणि दर वेळी पडदा ओढण्याचं काम पत्करा.

फोनवर सगळं बरोबर आहे आणि विंडोजच दाद देत नाही, असं असेल तर पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट कॅबिनेटमधून आलेल्या बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचे थेट मदरबोर्डवर असतात. फोन नेहमी मागे लावा आणि मध्ये हब घालू नका.

तरीही नाही, तर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘पोर्टेबल डिव्हायसेस’खाली फोनचं नाव असायला हवं. त्याऐवजी पिवळा त्रिकोण दिसत असेल तर त्यावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, केबल काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा लावा. तेवढ्याने जमलं नाही तर ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’ या वाटेने जाऊन यादीतून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ निवडा. हा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. इंटरनेटवरून काहीही उतरवायची गरज नसते.

एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे विंडोजच्या आवृत्तीच्या नावापुढे ‘एन’ हे अक्षर आहे का बघा. ही युरोपच्या बाजारासाठी काढलेली आवृत्ती. तिच्यात मीडियाचे भाग मुद्दाम वगळलेले आहेत आणि त्यांच्यासोबत एमटीपीही गेलेलं आहे. असेंबल्ड मशीनवर कुणी ती टाकून दिली असेल तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ घालून रीस्टार्ट करा, फोन दिसायला लागेल.

घाई असेल आणि फक्त फोटोच हवे असतील तर पडद्यातून ‘पीटीपी’ निवडून बघा. फोन कॅमेरा म्हणून ओळखला जातो आणि फोटोंचे फोल्डर उघडतात. एमटीपी रुसलेला असताना हे पुष्कळदा चालून जातं.

फोन दिसतो, पण हवी ती फाइल दिसत नाही

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरुवात करू, कारण शोधाशोध बहुतेक त्यातल्याच फाइलींची असते. पूर्वी फोनच्या स्टोरेजमध्ये सरळ ‘व्हॉट्सअ‍ॅप’ नावाचा फोल्डर असायचा. अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपांच्या फाइलींवर बंधनं आली आणि तो आत सरकला. आता वाट अशी: इंटर्नल स्टोरेज, अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, मीडिया. बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप असेल तर तिसऱ्या पायरीनंतरच्या फोल्डरच्या नावाला शेवटी ‘डब्ल्यू४बी’ जोडलेलं असतं. पीडीएफ आणि एक्सेल ‘डॉक्युमेंट्स’च्या फोल्डरात, तुम्ही पाठवलेलं सगळं त्या त्या फोल्डरातल्या ‘सेंट’मध्ये. या फोल्डरांतली मूळ फाइल हलवू नका, तिचं नाव बदलू नका. चॅटमधला दुवा तुटतो आणि पुढे तिथे फक्त धूसर चौकोन उरतो.

दुसरा गोंधळ गूगल फोटोजचा. अ‍ॅपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की क्लाउडवर गेलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती पुसल्या जातात. अ‍ॅपमध्ये फोटो दिसतो, कारण तो इंटरनेटवरून दाखवला जातो. फोनच्या ‘डीसीआयएम’ फोल्डरात तो नसतोच. असे फोटो केबलीने कधीच मिळणार नाहीत. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये गूगल फोटोज उघडून तिथूनच उतरवा.

सॅमसंगच्या ‘सिक्युअर फोल्डर’मधलं, वर्क प्रोफाइलमधलं किंवा दुसऱ्या यूजरच्या खात्यातलं काही केबलीवर दिसत नाही. तिथून आधी बाहेर काढायला लागतं.

आणि कधी कधी नुकताच काढलेला फोटोच तेवढा गायब असतो. अँड्रॉइड ८ पर्यंत एमटीपीची यादी खरे फोल्डर बघून नव्हे, तर फोनच्या मीडिया डेटाबेसवरून तयार व्हायची आणि तो डेटाबेस मागे राहायचा. पुढच्या आवृत्त्यांत फोल्डर थेट वाचले जातात, तरी एक्सप्लोररची खिडकी जुनीच यादी धरून बसते. एफ५ दाबा, नाही तर केबल काढून लावा. जुन्या फोनमध्ये फोन रीस्टार्ट केला की डेटाबेस नव्याने भरतो.

कॉपी अर्ध्यावर अडकते

आधी अपेक्षा नीट ठेवा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनांना टाइप-सी तोंड असलं तरी आत यूएसबी २.० असतं. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. एमटीपीवर प्रत्यक्षात २० ते ४० एमबी मिळाले तरी चांगलंच म्हणायचं. ३० एमबी धरले तर ६४ जीबीला ३५ मिनिटं लागतात. हा हिशोब मोठ्या व्हिडिओंचा. हजारो छोट्या फोटोंना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीमागे विचारणा, उत्तर, नोंद हा सगळा व्यवहार नव्याने होतो. ‘कॅमेरा’ फोल्डरात १० हजार फोटो असतील तर यादी तयार व्हायलाच इतका वेळ जातो की माणूस फोन हँग झाला समजून केबल उपटतो.

त्यामुळे पहिला उपाय: फोल्डर लहान करा. फोनमधल्याच ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये जाऊन ‘कॅमेरा’त महिन्याप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे उपफोल्डर पाडा आणि फोटो त्यात सरकवा. फोनच्या आत हे काम झटकन होतं, कारण एकाच स्टोरेजमध्ये फाइल जागची हलतच नाही, फक्त नोंद बदलते. मग ५०० ते हजार फायलींचा एकेक फोल्डर कॉम्प्युटरवर घ्या.

दुसरं, कॉपी नेमकी कुठल्या फाइलीवर थांबते ते बघा. कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डीटेल्स’ दाबलं की नाव दिसतं. दोनदा तीच फाइल अडली तर ती खराब आहे, आणि तिच्यामागची सगळी रांग तिच्यामुळे थांबली आहे. ती फोनमध्ये उघडून बघा. उघडत नसेल तर बाजूला ठेवा आणि बाकीचं घ्या. दर वेळी वेगळ्याच फाइलीवर अडत असेल तर दोष फाइलीत नाही; तो केबलीत, पोर्टमध्ये किंवा विजेत शोधा.

विजेचं असं की ऊर्जा वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये चालू योजनेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आहे, ते ‘डिसेबल्ड’ करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली, कॉम्प्युटरला पोर्ट बंद करू देणारी, खूणही काढा. ठराविक मिनिटांनी जोडणी तुटते अशा तक्रारीवर हा उपाय सहसा लागू पडतो.

आता सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना फोन एकाच वेळी चार्ज होतो आणि डेटाही पाठवतो, म्हणजे उष्णता दोन्हीकडून. ठराविक तापमानापुढे फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि कॉपी रांगायला लागते. मोठी कॉपी सकाळी करा, कव्हर काढा, फोन फरशीवर किंवा टेबलावर पंख्याखाली ठेवा. गादीवर, चादरीवर ठेवू नका. फ्रिजमध्ये तर अजिबात नको, कारण बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

वीज जाण्याचा धोका असेल तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा. डेस्कटॉपच असेल तर यूपीएस हवा. मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलेलं असेल आणि लिहिताना वीज गेली तर जास्त नुकसान. ६४ जीबीपासूनची कार्डं सहसा एक्सफॅट नावाच्या, फाइली मांडून ठेवण्याच्या, पद्धतीची असतात आणि एक्सफॅटला अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद ठेवणारं जर्नल नसतं. एका फाइलीच्या पायी अख्खा फोल्डर वाचता न येण्यासारखा होऊ शकतो.

मोठा व्हिडिओ शेवटाला येऊन पडत असेल तर ज्या जागी तो टाकता आहात ती जागा तपासा. ३२ जीबी किंवा लहान कार्ड आणि पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग जागा कितीही रिकामी असो. ४के व्हिडिओ मिनिटाला ३५० एमबीच्या आसपास घेत असेल तर १२ मिनिटांच्या चित्रीकरणात ही मर्यादा ओलांडली जाते. मिरवणूक सलग चित्रित केली की नेमकं हेच होतं. पेन ड्राइव्हमधलं सगळं आधी बाहेर काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि ‘कट’ कधीच करू नका. एमटीपीवर कट म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं. मध्ये तुटलं तर कुठली फाइल कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. कॉपी करा, दोन्हीकडची संख्या जुळवा, पाच-दहा फाइली उघडून बघा आणि मग फोनवरून पुसा. आकार जुळवताना घाबरू नका: फोनचं स्टोरेज १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतं, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. फोनवरचे १० जीबी विंडोजमध्ये ९.३१ दिसतात. काही गहाळ झालेलं नसतं. म्हणून आकारापेक्षा फायलींची संख्या जुळवणं जास्त भरवशाचं.

एमटीपीला वळसा घालायचा असेल तर

वर्षाचा डेटा एकदम काढायचा असेल तर एक्सप्लोररशी झुंजत बसण्यापेक्षा एडीबी, म्हणजे अँड्रॉइड डीबग ब्रिज, वापरा. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करून फोनशी बोलायचं हे साधन आहे. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर संकेतस्थळावर ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ नावाची झिप फुकट मिळते. ती उलगडा, इन्स्टॉल वगैरे काही नाही. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा. सॅमसंगच्या नव्या फोनांत ही कळ दाबलीच जात नसेल तर सिक्युरिटीमधला ‘ऑटो ब्लॉकर’ आधी बंद करायला लागतो.

उलगडलेल्या फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडली की ‘एडीबी डिव्हायसेस’ हा हुकूम द्या, अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत. फोनवर परवानगीची चौकट येईल, ‘अलाउ’ करा. तोवर खिडकीत ‘अनऑथराइज्ड’ दिसतं. मग ‘एडीबी पुल’, त्यापुढे उणे चिन्ह जोडून ‘ए’, त्यापुढे फोनमधली वाट आणि शेवटी कॉम्प्युटरवरचा फोल्डर. त्या ‘ए’मुळे फाइलींच्या मूळ तारखा टिकतात.

इथे तीन ठेचा ठरलेल्या आहेत. फोनमधल्या वाटेची सुरुवात ‘एसडीकार्ड’ या शब्दाने होते, पण तो अंतर्गत स्टोरेजचा पत्ता आहे. खरं मेमरी कार्ड ‘स्टोरेज’खाली चार-चार अक्षरांच्या नावाने असतं. ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस’सारख्या नावात मोकळी जागा असते, म्हणून पूर्ण वाट दुहेरी अवतरणात घाला. आणि काळ्याऐवजी पॉवरशेलची निळी खिडकी उघडली असेल तर हुकुमाच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाही तर ‘असा हुकूम नाही’ असं उत्तर येतं. पुल मध्येच तुटलं तर ते जिथून तुटलं तिथून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून इथेही एकेक उपफोल्डर घेणंच शहाणपणाचं. फाइलीच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ती घेत नाही. फोनमध्येच नाव बदला.

केबलच नसेल तर दोन्ही यंत्रं एका वाय-फायवर आणून लोकलसेंड किंवा गूगलचं क्विक शेअर वापरा. दोन्ही फुकट आहेत. यंत्रं एकमेकांना दिसत नसतील तर विंडोजमध्ये त्या वाय-फायचा प्रकार ‘पब्लिक’ असतो तो ‘प्रायव्हेट’ करा. लोकलसेंड ५३३१७ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. फायरवॉलमध्ये ते अडकलं आहे का बघा. राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात, तिथे हे चालणारच नाही. पाच-दहा फाइलींसाठी ही पद्धत उत्तम, ६४ जीबीसाठी केबलच बरी.

कॉम्प्युटरवरून फोनमध्ये टाकलं, फोनला दिसत नाही

फाइल्स अ‍ॅपमध्ये फाइल आहे पण गॅलरीत नाही, तर त्या फोल्डरात किंवा वरच्या एखाद्या फोल्डरात ‘नोमीडिया’ नावाची, टिंबाने सुरू होणारी, लपलेली फाइल असते. ती असली की गॅलरी त्या फोल्डराकडे बघतच नाही. लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण चालू करून ती काढा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेंट’ फोल्डरातली मात्र राहू द्या, नाही तर प्रत्येक पाठवलेला फोटो गॅलरीत दोनदा येईल. रिंगटोन ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरात टाकली तर सेटिंगच्या यादीत आपोआप येते.

मराठी नावांचा एक खास प्रश्न आहे. फोनच्या फाइलप्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘सोलापुरी’ हा चार अक्षरी शब्द ८ चिन्हांचा, म्हणजे २४ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपायला हवं. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे तिथे लांबलचक मराठी नाव आरामात राहतं आणि फोनमध्ये टाकताना कारण न सांगता नापास होतं. नाव आटोपशीर ठेवा. मराठी नावांच्या फाइलींची झिप करताना विंडोज ‘यात न चालणारी अक्षरं आहेत’ म्हणून अडलं तर ७-झिप वापरा.

छापखान्याकडून आलेली पत्रिका किंवा जाहिरात फोनवर उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर तो कॉपीचा दोष नाही. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे आणि तो फॉन्ट फोनमध्ये नाही. त्यांच्याकडून पीडीएफ मागा.

टॉवेल-चादरींच्या नमुन्यांचे शेकडो फोटो असणाऱ्यांनी नावं फोनमध्ये बदलत बसू नये. कॉम्प्युटरवर उतरवल्यावर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘पॉवररीनेम’ वापरून डिझाइन क्रमांकाप्रमाणे एका झटक्यात नावं द्या आणि मग तयार फोल्डर फोनमध्ये परत टाका. परत टाकल्यावर फाइलीची तारीख ‘आज’ची होते, त्यामुळे गॅलरीतला क्रम विस्कटू शकतो. क्रम टिकवायचा असेल तर नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंच्या नावात ती आधीच असते. ती पुसू नका, कारण फोटोच्या आतली कॅमेऱ्याची माहिती व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतानाच काढून टाकलेली असते. गिऱ्हाइकाला कापडाचा पोत स्पष्ट दिसायला हवा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आयफोन

विंडोजला आयफोनमधले फक्त फोटो-व्हिडिओ दिसतात. लावल्यावर फोनवर ‘ट्रस्ट’ दाबून पासकोड द्यायचा. कॉपी चालू असताना ‘डिव्हाइस इज अनरीचेबल’ असा संदेश येणं हे इथलं नेहमीचं दुखणं. कारण फोन पाठवता पाठवता फोटो एचईआयसी या आयफोनच्या फोटो-प्रकारातून जेपेगमध्ये बदलत असतो आणि त्यात गडबडतो. फोटोजच्या सेटिंगमध्ये तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे, तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ करा. विंडोजवर एचईआयसी उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं हाइफ एक्स्टेन्शन लागतं. आयक्लाउडचं ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो फोनमध्ये नसतातच, ते केबलीवर दिसणार नाहीत.

काय घालू नये

‘फोन ओळखत नाही’ असं शोधलं की ड्रायव्हर अपडेटर आणि ‘ऑल इन वन’ फोन मॅनेजरांच्या जाहिराती येतात. बहुतेक मॅनेजर आतून एडीबीच वापरतात, थोड्या फाइली फुकट देतात आणि पुढे पैसे मागतात. त्यांच्या क्रॅक आवृत्त्या तर नकोच: यूएसबी डीबगिंगची परवानगी दिलेल्या प्रोग्रामला फोनमधल्या फाइली वाचता येतात आणि अ‍ॅपही घालता येतात. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत फोन लावताना डीबगिंग बंद असू द्या. तिथे प्रिंटपुरती एखादीच फाइल द्यायची असेल तर फोन जोडूच नका, ती ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणाऱ्या, पेन ड्राइव्हवर घालून न्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कधी ‘ऑलवेज अलाउ’ दाबलं गेलं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ आहे. ते दाबलं की आजवर दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द होतात, आणि तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला पुढच्या वेळी ती नव्याने द्यावी लागते.